गृहोपयोगी विज्ञान : छायाचित्रांत चेहऱ्याचा रंग कां बिघडतो?

गेल्या महिन्यांत आमच्या मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. सोहळ्याच्या छायाचित्रांपैकीं एक चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावावें, आणि तें बाहेर न देतां घरच्या प्रिंटरवरच छापावें, असें ठरलें. काम पुतण्यानें अंगावर घेतलें. रात्रीं जेवणें झाल्यावर पहिली प्रत निघाली आणि मंडळी एकदम गप्प झाली. मातोश्रींचा चेहरा विटेसारखा तांबडा दिसत होता. पुतण्यानें संगणकावर आपोआप सुधारणा करणारें बटण दाबून दुसरी प्रत काढली. आतां तांबूसपणा गेला, पण त्याबरोबर मातोश्रींचा सांवळा वर्णही गेला. "छान आली कीं!" असें दोघांतिघांनीं म्हटलेंही. मातोश्रींनीं चष्मा लावून ती प्रत बराच वेळ न्याहाळली आणि विचारलें, "या कोण बाई?"

प्रश्न साधा होता, पण त्यानें आम्हांस कामाला लावलें. भिंतीवरचें चित्र कित्येक वर्षें राहावयाचें. आज पाळण्यांत असलेलीं मुलें आपली पणजी त्या चित्रावरूनच ओळखणार. शिवाय लुगड्याचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु माणसाचा चेहरा आपण जन्मभर पाहत आलेले असतों, आणि त्यांतील किंचितसा फरकही डोळ्यांस खटकतो. म्हणून अशा वेळीं लगेच चेहरा रंगविण्यास बसूं नये. दोष कोठें आहे तें आधीं शोधावें. दोष चार ठिकाणीं असूं शकतो: पाहण्याच्या उजेडांत, छपाईच्या यंत्रांत, संगणकाच्या पडद्यांत आणि मूळ छायाचित्रांत.

प्रथम उजेड. घरांतील पिवळसर दिव्याचा प्रकाश सुमारें २७०० ते ३००० केल्व्हिन इतका उबदार असतो, तर छापील चित्रांच्या पारखीसाठीं ५००० केल्व्हिनचा उजेड प्रमाण मानतात. पिवळ्या दिव्याखालीं कोणतीही प्रत तांबूस दिसणारच. कांहीं स्वस्त एलईडी दिव्यांत गडद तांबड्या प्रकाशाचा भाग कमी असतो; त्यांच्याखालीं चांगला चेहराही निस्तेज भासतो. शिवाय शाई पुरती वाळेपर्यंत तिची छटा थोडी बदलते. म्हणून प्रत कांहीं तास वाळूं द्यावी आणि ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशीं दिवसा पाहावी. आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिली प्रत पुन्हा पाहिली, तेव्हां ती रात्रीइतकी भयंकर वाटली नाहीं. तांबडेपणा कमी झाला होता, पण गेला नव्हता.

दुसरें ठिकाण यंत्र. त्याची परीक्षा सोपी आहे. संगणकावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत निखळ करड्या छटांची एक पट्टी तयार करावी आणि लहान कागदावर छापावी. करड्या छटेंत तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे आंकडे सारखे असतात. छापलेल्या पट्टींत एखाद्या रंगाची झांक दिसली, तर दोष छपाईचा. पट्टी शुद्ध करडी आणि चेहरा तेवढा बिघडलेला, तर दोष छायाचित्राचा. आमची पट्टी स्पष्टपणें गुलाबी आली.

येथें आणखी दोन गोष्टी तपासाव्या. एक म्हणजे शाईचीं सूक्ष्म छिद्रें. प्रिंटरमधील तपासणीचा नमुना छापला असतां रेघा तुटक दिसल्या, तर एखादें छिद्र बुजलें आहे असें समजावें. सायन ही निळसर शाई कमी पडली, तर चेहरा तांबडा होतो. मॅजेंटा ही गुलाबी शाई कमी पडली, तर हिरवट. आणि पिवळी कमी पडली, तर जांभळट. आमच्या यंत्राच्या रेघा अखंड होत्या. मग दुसरी गोष्ट पाहिली आणि चोर सांपडला. चित्र छापणारा प्रोग्रॅम रंगांचा हिशेब करीत होता, आणि प्रिंटरही पुन्हा आपला हिशेब करीत होता. एकाच आमटींत सासूनें आणि सुनेनें एकमेकींना न विचारतां मीठ घालावें, तसा हा प्रकार! दोघांपैकीं एकाकडेच हें काम ठेवावें आणि दुसऱ्याचें बंद करावें. त्याबरोबर यंत्राला कागदाची जात खरी सांगावी. तकतकीत कागद घालून साधा कागद सांगितला, तर शाईचें प्रमाण चुकतें. १९९३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या संस्थेच्या पद्धतीप्रमाणें विशिष्ट यंत्र, शाई व कागद यांच्या जुळणीची प्रोफाइल नांवाची नोंद तयार करतात. कागदाच्या अनेक कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देतात; ती मिळाल्यास अवश्य वापरावी.

तिसरें ठिकाण पडदा. पडदा छपाई बिघडवीत नाहीं. तो आपला निर्णय बिघडवितो. तो फार प्रखर असेल, तर त्यावर उजळ दिसणारें चित्र कागदावर काळवंडतें. रात्रीं डोळ्यांच्या सोयीसाठीं पडदा पिवळा करणारी योजना चालू राहिली, तर आपण नकळत चेहऱ्यांत निळा रंग भरीत जातों. पडद्यावर कोरें पान उघडावें, शेजारीं पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे दिसतील इतकी प्रखरता ठेवावी.

हें सर्व झाल्यावरच मूळ छायाचित्रास हात लावावा. तेथें आंकड्यांचा आधार घेतां येतो. वर्ण गोरा असो वा सांवळा, साध्या पांढऱ्या उजेडांतील त्वचेंत तांबड्याचा आंकडा सर्वांत मोठा, हिरव्याचा मधला आणि निळ्याचा सर्वांत लहान असतो. कारण त्वचेचा रंग सर्वत्र त्याच द्रव्यांनीं, मुख्यतः मेलॅनिन व रक्त यांनीं, घडतो. हा क्रम मोडला असेल, तर प्रकाशाची झांक चित्रांत उतरली आहे. झांक काढण्यासाठीं चित्रांतील पांढरी वस्तु प्रमाण धरतात. मात्र नीळ दिलेलें धोतर साक्षीदार म्हणून घेऊं नये, तें मुळांतच निळसर असतें. आमच्या चित्रांत अंगावरच्या डाळिंबी शालीची झांक हनुवटीखालीं पडली होती. तेवढाच भाग निवडून त्यांतील तांबडा रंग किंचित् उतरविला.

राहिली ती आपोआप उजळ करण्याची संवय. ती केवळ यंत्राची नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळविण्यासाठीं एका स्त्रीचें छायाचित्र नमुना म्हणून देत असे. त्यास 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि त्यावरील स्त्री कित्येक दशकें गोरीच असे. तिचा चेहरा ठीक आला म्हणजे छपाई ठीक, अशी समजूत. सांवळ्या माणसांचे चेहरे त्यांत काळोखांत बुडत. २०२२ सालीं गूगल कंपनीनें समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा वर्णच्छटांची मापनपट्टी स्वीकारली, ही सुधारणा खरी. पण आपल्याकडे उपवर मुलीचा फोटो पाठवितांना "जरा उजळ करा" असें सांगणारे वडीलधारे कोणत्या कंपनीनें शिकविलेले असतात?

तिसरी प्रत दुसऱ्या दिवशीं दुपारीं खिडकीशीं नेऊन मातोश्रींच्या हातांत दिली. वापरलेला कागद, प्रोफाइल व योजना थोरल्या वहिनींनीं हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवल्या आहेत. वाचकांनींही तसें करावें. मातोश्रींनीं प्रत पाहिली आणि म्हणाल्या, "हां, ही मी. पण पदर नीट घे म्हणून कोणीं सांगितलें कसें नाहीं?" त्या दोषावर मात्र कोणत्याही यंत्रांत उपाय नाहीं.