लॅब येईल, पण शिक्षकाच्या हातात हुनर कधी येणार?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासून चालू आहे आणि देशातल्या सुमारे १० हजार शाळांत अशा लॅब आधीच उभ्या आहेत. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातले १० लाख उभारणीसाठी, बाकीचे पाच वर्षांच्या खर्चासाठी. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, सोल्डरिंगचं सामान असं सगळं त्यात येतं. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवत शिकावं, ही कल्पना.

कल्पना चांगलीच आहे. पण खोलीत प्रिंटर आणून ठेवला म्हणजे मुलं शिकतात असं नाही. कुलूप लावलेली संगणक कक्षं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वस्तू बिघडली तर जाब कोण देणार, या धास्तीनं शिक्षक कुलूप उघडतच नाहीत. यात शिक्षकाचा दोष किती? ज्यानं डी.एड., बी.एड. करताना कधी हातात सोल्डरिंग गन धरली नाही, त्यानं चाळीस मुलांच्या हातात ती कशी द्यायची?

एक साधं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायला शिकवतात. त्यांची छोटी मोटर प्रसिद्ध आहे. एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि रोगण लावलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढंच सामान. तारेच्या टोकांवरचं रोगण खरवडावं लागतं, पण सगळं नाही. एका बाजूचं शाबूत ठेवायचं. सगळं खरवडलं तर वेटोळं थरथरतं आणि अडकून बसतं, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलटा लागतो. त्या वेळी वीज तुटणं गरजेचं असतं. ज्या शिक्षकानं स्वतः ही मोटर बनवली आणि ती आधी दोनदा अडकलेली पाहिली, तो मुलाची मोटर अडकली की हसतो आणि म्हणतो, ‘तारेचं टोक दाखव.’ ज्यानं फक्त व्हिडिओ पाहिला तो म्हणतो, ‘राहू दे, तास संपला.’

म्हणजे प्रश्न प्रशिक्षणाचा आहे, आणि तोही कसल्या प्रशिक्षणाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. पण कोरोनाच्या काळापासून शिक्षक प्रशिक्षणाचा मोठा भाग ऑनलाइन गेला. व्हिडिओ बघायचा, प्रश्नांना टिक करायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. कायदा-नियम समजून घ्यायला हे ठीक. पोहणं मात्र असं शिकता येत नाही, आणि तार सोलणंही.

आपल्या समाजाला हा विषय परका वाटू नये. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हातकामातून शिक्षण देण्याचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. शिक्षण मातृभाषेतून, आणि हस्तकला ही वेगळा तास म्हणून नव्हे तर बाकीचे विषय शिकण्याचा मार्ग म्हणून, असा त्या अहवालाचा सूर होता. शिक्षक कसे घडवायचे हेही त्यात होतं. पुढच्याच वर्षी जामियानं अशा शिक्षकांसाठी ‘उस्तादों का मदरसा’ सुरू केला. आधी उस्ताद तयार करा, हे त्या पिढीला कळलं होतं.

महाराष्ट्रातही नमुना आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, स्वयंपाक-आरोग्य. शिकवायला गावातलेच हुनरी लोक, त्यांना आश्रमानं तयार केलेलं. मुलं शिकताना गावातली छोटी कामंही करून देतात.

आता भिवंडी, मालेगावकडे पाहा. तिथल्या उर्दू शाळांतल्या कित्येक मुलांच्या घरी यंत्रमागाचा आवाज आहे. सच्चर समितीनं २००६ मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगार आणि कारागिरीचं प्रमाण जास्त आहे. माग दुरुस्त करणारा मिस्त्री, मोटर रिवाइंडिंगवाला, गॅरेजमधला उस्ताद शाळेच्या गल्लीतच बसतो. पण शाळेच्या दारात त्याचं ज्ञान ज्ञान राहत नाही. (आई-वडिलांनाही वाटतं, पोराला यातून बाहेर काढायला तर शाळेत घातलंय. ही भीती खोटी नाही. हातकाम म्हणजे पुन्हा मजुरीच असा अर्थ निघाला तर विरोध व्हायलाच हवा.) मागातल्या गिअरचे दात मोजून मुलगा गुणोत्तर शिकला, तर तो मजुरीकडे नव्हे, अभियांत्रिकीकडे निघालेला असतो. ही वाट दाखवायला गणिताचा शिक्षक आणि मिस्त्री एका टेबलावर बसावे लागतात.

आणखी एक अडचण आहे. घोषणा सरकारी शाळांची आहे, तर उर्दू माध्यमिक शाळांचा मोठा भाग खासगी संस्था, ट्रस्ट चालवतात. महापालिका, जिल्हा परिषदेच्या अनेक उर्दू शाळा सातवी-आठवीलाच थांबतात. म्हणजे पहिल्या फेरीत आपली बरीच मुलं बाहेर राहू शकतात. त्यात साहित्य इंग्रजीतून आलं तर उर्दू-मराठीतून शिकवणारा शिक्षक आणखी मागे पडतो.

म्हणून संस्थाचालकांनी लॅबची वाट बघत बसू नये. धोरणातल्या ५० पैकी १५-२० तास प्रत्यक्ष हातकामाला मागून घ्या. विज्ञान, गणित आणि चित्रकलेचे शिक्षक एकत्र पाठवा, एकट्याला पाठवलं तर तो परत येऊन एकटाच पडतो. गल्लीतल्या मिस्त्रीला मानधन देऊन महिन्यातून दोनदा शाळेत बोलवा. मोटर बनवायचं सामान प्रत्येक मुलामागे चहा-नाश्त्याच्या खर्चाहून फार जास्त नाही. आणि उद्या लॅब मंजूर झाली तर अर्जासोबत पहिला प्रश्न हा विचारा: शिक्षकांना कोण शिकवणार, किती दिवस, आणि कुठल्या भाषेत?