गवताळ काठ म्हणजे पडीक जमीन नव्हे

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रज अमदानीत पाटपाण्यासाठी बांधला गेला. पुढे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उभी राहिली. त्यांवर लव्हाळे, पाणकणीस आणि गवत माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा. पाखरांना मात्र घर मिळाले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव जाहीर झाले, तेही महाराष्ट्रातून पहिले.

हा मान पाण्याइतकाच काठच्या ओल्या गवताचाही आहे. थंडीत चक्रवाक, थापट्या येथे उतरतात. भोवत्या दिवसा शिवारावर घिरट्या घालतो, उंदीर-नाकतोडे टिपतो आणि रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतो. गवत पेटवले तर त्याने जायचे कुठे? जांभळी पाणकोंबडी घरटे बांधते तेही पाणगवतातच.

आता शेतकऱ्याची बाजू. पाणी ओसरले की मोकळी होणारी जमीन कसदार. तिथे गाळपेर करावीशी वाटणारच. पाखरे उभ्या पिकात उतरतात, हेही खोटे नाही. ‘आमचा हरभरा खाल्ला तर भरपाई कोण देणार?’ असे कोणी विचारले तर नुसते निसर्गप्रेमाचे भाषण ऐकवून भागणार नाही. पंचनामा वेळेवर व्हायला हवा.

पण काही गोष्टी गावाच्याच हातात आहेत. गवत पेटवू नये; लागेल तेवढे कापून न्यावे आणि पाण्यालगतचा पट्टा राखावा. गाळपेर करायचीच तर काठ सोडून, औषध न फवारता करावी. फवारणीचे पंप तर नदीत कधीच धुऊ नयेत. पाणी जलसंपदा विभागाकडे, पाखरे वनखात्याकडे, अशी आज वाटणी आहे. घरटी असताना पातळी एकाएकी चढली-उतरली तर अंडी जातात. म्हणून आवर्तन ठरवताना दोन्ही खात्यांनी एकत्र बसावे.

२००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती हवी. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ती कागदावरून उठवून कामाला लावावी. येत्या ग्रामसभेत राखीव काठाच्या हद्दी ठराव करून नोंदवा. एकदा नांगर फिरला की मोडलेला काठ सरकारी फलकाने परत येत नाही.