दामाजी कोणाचा?

गेल्या नाताळात आमच्या मंगळवेढ्यात एका घरी प्रार्थनेला पंधरा-वीस माणसे जमली होती. चार शब्द बोलण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी पडलो मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. शास्त्रातले गहन काही सांगण्याचा माझा वकूब नाही. म्हणून मी दामाजीपंतांची गोष्ट घेतली आणि श्रद्धा कशाला म्हणावे ते तिच्यावरून सांगितले.

झाले! प्रार्थना आटोपते न आटोपते तोच आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, पवित्र शास्त्रात दाखल्यांचा दुष्काळ पडला काय, की बिदरच्या बादशहाचा अंमलदार आणावा लागला?" पुढे ही वार्ता शाळेत पोचली. तेथे एक स्नेही हसत हसत, पण टोचूनच म्हणाले, "दामाजी आमचे बरे का! तुम्ही तुमचे दाखले द्या."

एकाला दामाजी परका वाटला, दुसऱ्याला मी. दोघांनाही उत्तर देणे मला प्राप्त आहे.

आधी घरच्यांना. येशूने लोकांना शिकवले ते कशावरून? पेरणाऱ्यावरून, पिठातल्या खमिरावरून, हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणाऱ्या बाईवरून. ऐकणाऱ्यांच्या रानातले आणि स्वयंपाकघरातलेच त्याने उचलले. आमच्या वर्गातल्या मुलांनी जैतुनाचे झाड पाहिलेले नाही. पण काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर मालदांडी कशी उभी राहते हे त्यांना मी सांगावे लागत नाही. मग दाण्याने मातीत स्वतःला गाडून घेतल्यावाचून कणीस येत नाही, हे मी त्यांना ज्वारीवरून का सांगू नये? फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले, आणि रचले ते ओवीत. रेव्हरंड टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. परदेशातून आलेल्या पाद्र्याला ओवी परकी वाटली नाही, आणि मंगळवेढ्यात जन्मलेल्या आम्हांला दामाजी परका वाटावा, हा कोठला न्याय?

आता स्नेह्यांना. येशूच्या गोष्टींत सर्वांत नावाजलेली गोष्ट कोणाची? वाटेत लुटलेला, जखमी माणूस पडला आहे. याजक बाजूने निघून जातो, देवळातला सेवेकरीही जातो. थांबतो तो एक शोमरोनी; ज्या लोकांशी यहुदी समाज व्यवहारसुद्धा ठेवीत नसे त्यांच्यातला. आपल्या माणसांपुढे येशूने कित्ता ठेवला तो परक्याचा! दुसऱ्याच्या माणसाचे नाव घेऊन त्याच्यापुढे मान लवविणे याला चोरी म्हणत नाहीत. मी दामाजीपंतांना बाप्तिस्मा देत नाही. त्यांच्यासमोर आमची मंडळी कोठे उभी आहे, एवढेच पाहतो.

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती दोन्ही घरांवर आहे.

दामाजीची गोष्ट आपण सांगतो कशी? दुष्काळ पडला, त्याने सरकारी कोठार भुकेल्यांना खुले केले, बादशहाने धरून आणविले. येथवर आपण घाईघाईने येतो. मग विठू महार बिदरच्या दरबारात मोहरा ओततो, पावती घेतो, आणि आपला सूर चढतो. देवाने कर्ज फेडले! टाळ्या! आमच्याकडेही तीच तऱ्हा. अमक्याने दान दिले, प्रभूने त्याला दुप्पट दिले. अहो, ही श्रद्धा की सावकारी? कोठाराचे दार उघडले तेव्हा दामाजीच्या हातात पावती नव्हती. समोर उपाशी माणसे होती आणि डोक्यावर बादशहाची तलवार. श्रद्धा होती ती त्या घटकेला. पावतीचा दिवस उजाडेपर्यंत तिचे काम होऊन गेले होते.

पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळातच गेले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. त्यांनीही आधी पावती मागितली नाही.

आणि चोखोबा? ते तर आमच्याच गावचे. १३३८ साली येथे गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, हे सगळे सांगतात. त्या भिंतीखाली राबायला कोणाला धाडले होते, हे कोणी विचारीत नाही. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वाराशी आहे. पण त्यांच्या लेकरांना ते दार उघडावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

हे ऐकून आमच्या ख्रिस्ती मंडळींनी मिशीवर ताव देऊ नये. एका भाकरीतून प्रभुभोजन घेणारे आपण, मुलीचे स्थळ पाहताना पूर्वीची जात हळूच विचारतोच ना? मी स्वतः असली चौकशी चालू असताना गप्प बसलेलो आहे. चोखोबांवर प्रवचन करण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही ते याचसाठी. दामाजी सांगणे सोपे होते. त्यात माझे काही जात नव्हते.

माझी कसोटी एवढीच: इतिहासातला दाखला सांगणाऱ्याला आधी बोचला पाहिजे. तो ज्याला बोचेल त्याचा दामाजी. मग तो माळकरी असो, क्रूस घालणारा असो, वा काहीच न घालणारा.

वाचकहो, दिवाळीत पोरे गोष्ट मागतील. दामाजीची खुशाल सांगा. मात्र कोठाराचे दार उघडले की थोडे थांबा, आणि पोरांना विचारा, "पुढे विठू महार आलाच नसता तर?" ती काय उत्तर देतात ते ऐका. मी वर्गात विचारले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तरी लोक जेवले असतेच की, गुरुजी."