भिंतीवरचे बलून आणि छाटलेल्या ओळी

आधीच सांगून टाकते, मला मेटल प्रिंट्सचा राग नाही. आमच्या नात्यातल्या दोन घरांत ते भिंतीवर आहेत आणि दोन्हीकडची मंडळी इथे अधूनमधून डोकावतात, तेव्हा गैरसमज नको. माझा राग आहे तो त्या चित्रांच्या खालून जे कापून टाकलंय, त्याबद्दल.

विषय जुन्या बलूनच्या चित्रांचा. निळा-सोनेरी भलामोठा फुगा, त्याच्या खाली गोल सज्जा, सज्जात दोन माणसं. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यावर छापलेली ही चित्रं हल्ली दिवाणखान्यात, कॅफेत, पोरांच्या खोलीत, कुठेही दिसतात. कुठला बलून? कधीचा? आत कोण आहे? काही पत्ता नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, सोफ्याच्या रंगाला मस्त मॅच होतं!"

होत असेल. पण मूळ चित्राच्या खाली चांगल्या भरगच्च ओळी आहेत हो! माणसांना हवेत घेऊन गेलेला हा पहिला बलून, उंची ७० फूट, व्यास ४६ फूट (तेव्हाच्या फ्रेंच मापाने), अंगावर नक्षी कसली... सगळं लिहिलेलं आहे. लोकांसाठी ती बातमी होती. मी पाहिलेल्या बहुतेक प्रिंट्समध्ये नेमक्या याच ओळी छाटलेल्या आहेत. का, तर चौकटीत बसत नाहीत.

त्या ओळी गेल्या की काय काय जातं बघा. २१ नोव्हेंबर १७८३ ला पॅरिसमधून हा बलून उडाला. आत पिलात्र द रोझिए आणि मार्की द'आर्लांद. बलूनच्या तोंडाशी जाळ पेटलेला. वर राहायचं तर त्यात पेंढा टाकत राहायचं, आणि ठिणग्यांनी कापड जळायला लागलं की ओल्या स्पंजने विझवायचं. साधारण २५ मिनिटं हा उद्योग करून दोघं धडधाकट खाली उतरले. आपण त्या चित्राला 'ड्रीमी' म्हणतो. त्या दोघांना त्या दिवशी स्वप्नं बघायला फुरसत नव्हती.

यावर नेहमीचा युक्तिवाद येतो : "शोभेची वस्तू आहे, इतकं काय मनावर घ्यायचं?" गंमत म्हणजे मीही शोभेच्याच बाजूची आहे. हा बलून बनवणारे मोंगोल्फिए बंधू आनोने गावच्या कागदवाल्यांच्या घरातले. आणि पॅरिसमध्ये त्यांच्या मदतीला होते रेव्हेयों, ज्यांचा कारखाना भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचा! म्हणजे बलून आणि भिंतीची सजावट यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं. बलूनवर सूर्याचे मुखवटे होते, बारा राशी होत्या आणि सोळाव्या लुईची आद्याक्षरं होती. १७८९ च्या एप्रिलमध्ये मजुरीच्या प्रश्नावर भडकलेल्या जमावाने याच रेव्हेयोंचं घर लुटलं, आणि जानेवारी १७९३ मध्ये त्या आद्याक्षरांच्या मालकाचं डोकं गिलोटिनखाली गेलं. आता सांगा, ही नक्षी 'नुसती नक्षी' आहे का?

पॅरिसच्या लोकांनीही तेव्हा हौस भागवून घेतली. ताटल्यांवर बलून, पंख्यांवर बलून, खुर्च्यांच्या पाठींवर बलून. पण पंखा हलवणाऱ्या बाईला ठाऊक होतं की काय घडलंय, कुणी केलंय. पिलात्र १५ जून १७८५ ला इंग्लिश खाडी ओलांडायच्या प्रयत्नात सहकारी रोमँसकट कोसळून मेला, तेही तिच्या कानावर गेलं असणार. आपल्या भिंतीवर तो आजही मजेत हात हलवतोय. बिननावाचा.

आणि ही चित्रं आपल्यापर्यंत आली कशी? यातली कितीतरी गास्तों तिसांदिए आणि त्याचा भाऊ आल्बेर यांनी जमवलेली. हा गास्तों स्वतः बलूनवाला. १५ एप्रिल १८७५ ला 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तो आणखी दोघांबरोबर ८ हजार मीटरच्या वर गेला. प्राणवायू सोबत होता, पण विरळ हवेत अंगातली शक्तीच गेली, नळी तोंडाशी न्यायलाही हात उचलेना. बलून आपोआप खाली आला तेव्हा क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल मेलेले होते. गास्तों वाचला, पण कान गेले. अशा माणसाच्या संग्रहातलं चित्र आपण सोफ्याशी मॅच करतो आणि त्यावरची नावं कापतो. मला तरी हे बरं वाटत नाही.

मेटलची बाजूही मांडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, फ्रेममध्ये ओल शिरते, कडा फुगतात. मेटल प्रिंटमध्ये उष्णता आणि दाबाने शाईची वाफ होऊन ती पत्र्यावरच्या लेपात मुरते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. छान आहे! मग इतका टिकाऊ पत्रा आहे, तर त्यावर दोन ओळी जास्त छापायला कुणाचं काय जातं?

उपाय सोपा आहे. तिसांदिए बंधूंचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. साडेनऊशेच्या वर वस्तू आहेत, आणि त्यातली चित्रं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात, खालच्या ओळींसकट. तेच चित्र छापणाऱ्याकडे द्या आणि ठणकावून सांगा, "कडेपर्यंत छाप, काही कापू नकोस." तो म्हणेल खालचा भाग पांढरा दिसेल. दिसू दे.

आणि आधीच घेऊन टाकलं असेल तर खाली एक छोटी पट्टी चिकटवा. तारीख, गाव, दोन नावं. पोरं त्या भिंतीखाली बसून जेवतात, कधीतरी वाचतील आणि पेंढ्याचं नि स्पंजाचं विचारतील.

असो. त्या दोन घरांसाठी मजकूर मी लिहून ठेवलाय. पुढच्या खेपेला येताना पट्ट्या घेऊनच येते. चहा तेवढा तयार ठेवा.