तंत्र विकत मिळेल, खडक नाही

नैसर्गिक वायूचं तंत्रज्ञान जगात तयार आहे, पैसे मोजले की मिळतं, मग आपण प्रयोगशाळा कशाला चालवायच्या? असं म्हणणाऱ्यांत जाणकारही आहेत. यंत्रं विकत मिळतात हे खरंच. बॉम्बे हायवर आपण ती घेतली आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण खडक ज्याचा त्याचा असतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या समुद्रातल्या वायुक्षेत्रातून २००९ साली वायू येऊ लागला, पुढच्याच वर्षी उत्पादन रोज सहा कोटी घनमीटरच्या घरात गेलं आणि मग भराभर घसरलं. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. २०११ मध्ये खोल समुद्रातल्या कामात मुरलेली ब्रिटिश कंपनी बीपी त्यात भागीदार झाली, तरी घसरण थांबली नाही. पैसा होता, यंत्रं होती. त्या थरांची पुरती ओळख नव्हती. याच खोऱ्यात समुद्रतळाखाली गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला वायूही आहे. जपानची २०१३ ची हायड्रेट चाचणी वाळूमुळे सहा दिवसांत थांबली. जे अजून कोणाकडेच पक्कं नाही, ते आपल्याला विकणार कोण?

शेल खडकातून काढलेला वायू हे निव्वळ खासगी हिमतीचं फळ, असा अमेरिकेचा दाखला देतात. तो अर्धाच आहे. तिथे १९७६ साली गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती आंतरराज्य वाहिन्यांतल्या वायूवरच्या छोट्या अधिभारावर. शेल वायूचा पाया घालणारा उद्योजक जॉर्ज मिचेल चिकाटीचा माणूस होता यात शंका नाही, पण बार्नेट या शेल थरातली त्याची पहिली आडवी विहीर १९९१ मध्ये याच संस्थेच्या मदतीने खोदली गेली.

मला सर्वांत जास्त खटकतो तो आणखी एक आक्षेप: आधी पाइप टाकू, संशोधन मागाहून. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्रातल्या नगरम गावात वायुवाहिनी फुटली, आगीत वीसहून अधिक माणसं गेली. वाहिनी कोरड्या वायूसाठी होती. तिच्यातून ओलसर वायू जात होता. अशा वायूतलं पाणी नळीच्या तळाशी साचतं, वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून आम्ल होतं आणि पोलाद आतून खात राहतं. वर शेत, रस्ता, सगळं नेहमीसारखं. हा निष्काळजीपणा झाला, इथे संशोधनाचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. निष्काळजीपणा होताच. पण कोणत्या विहिरीच्या वायूने कोणतं पोलाद किती वेगाने झिजतं याचे आकडे हाताशी असते, तर तो लपवणं अवघड गेलं असतं.

आणि हे काम आपल्याला जमतं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र यांनी मिळून ‘पिग’ घडवला: प्रवाहाबरोबर नळीतून सरकत जाणारं, चुंबकीय क्षेत्राच्या गळतीवरून झीज हेरणारं उपकरण. तो तेलवाहिन्यांसाठी होता. वायूच्या जुन्या, अरुंद, वळणावळणाच्या वाहिन्यांसाठी तसंच काम नेटाने व्हायला हवं.

उद्या हायड्रोजन येईल, वायू जाईल, म्हणून खर्च वाया, हेही टिकत नाही. सुरतजवळ कवासला जानेवारी २०२३ पासून स्वयंपाकाच्या गॅसवाहिनीत हायड्रोजन मिसळला जातोय. हायड्रोजनने पोलाद ठिसूळ होतं का, हे त्याच प्रयोगशाळा तपासणार.

म्हणून वाहिनीतल्या प्रत्येक घनमीटरवर पैशा-दोन पैशांचा अधिभार घ्या आणि कायद्याने बांधलेला वेगळा निधी उभारा. कायद्याने बांधलेला, हे मुद्दाम म्हणतो: १९७४ च्या कायद्याने कच्च्या तेलावर उपकर बसला, पण त्यातला फार थोडा भाग तेल उद्योग विकास मंडळापर्यंत पोचला. निधीतून होणारं काम पनवेलच्या ओएनजीसी संस्थांत होवो वा आयआयटीत, निष्कर्ष सर्व कंपन्यांना खुले हवेत. अपघातांचे चौकशी अहवाल आणि फुटलेल्या नळ्यांचे कापून काढलेले तुकडेही संशोधकांच्या हाती दिले पाहिजेत.