धोट्याला तोंड कुणी लावायचं?

दोस्तहो, हल्ली कापसाला, रेशमाला, तागाला फार भाव आलाय. भाव म्हणजे शेतकऱ्याच्या कापसाला नव्हे, तो आपला बाजार समितीच्या दारात गाडी लावून बसलेलाच आहे. भाव आलाय 'नैसर्गिक धाग्या'च्या गोष्टीला. काचेच्या दुकानात मंद दिवे, लाकडी खुंटीवर टांगलेला झब्बा, त्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं: पाच हजार वर्षांची परंपरा, हाताची ऊब, मातीचा गंध. हात कुणाचा ते लिहिलेलं नसतं. म्हणून आपण लिहू.

परंपरा जुनी आहे यात वाद नाही. मेहेरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे तंतू सापडले, ते सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती तुकडा मिळाला, मंजिष्ठाच्या मुळीनं लाल रंगवलेला. त्या तुकड्यावर विणणाऱ्याची जात लिहिलेली नाही. ती नंतर लिहिली गेली. कशी लिहिली गेली ते बघायला सिंधूपर्यंत जायची गरज नाही, परळ-लालबागपर्यंत गेलं तरी पुरे.

गिरणीतला धोटा तुमच्यापैकी कितीजणांनी हातात धरलाय? आजच्या पोरांनी बघितलाही नसेल. होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी नाक. पोटात सुताची कांडी. हा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा पळायचा आणि मागं आडवा धागा सोडत जायचा. कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. सुई-दोरा ओवण्याइतका वेळ कुणाला आहे? कामाचा दाम वारावर, कापडाच्या मापावर. मग साचेवाला काय करायचा? भोकाला तोंड लावायचा आणि जोरात श्वास ओढायचा. धागा फुर्रकन बाहेर. दिवसातून शेकडो वेळा. आणि एका साच्यावरचा माणूस सुट्टीवर गेला की बदलीवाला तोच धोटा तोंडाला लावणार, दुसऱ्या पाळीवालाही तोच लावणार.

इथं धर्म आडवा आला. अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसं लावू? सवर्ण कामगारांनी ठरवलं, जॉबरनी मान डोलावली, मालकांनी डोळे मिटले. साचेखात्याचं दार महार-मांग-चांभारांना बंद. तुम्ही आपले त्रासनखात्यात जा, रिंगवर सूत काढा. नाहीतर ब्लोरूममध्ये गासड्या फोडा, कापसाची धूळ छातीत भरून घ्या.

आता गंमत बघा. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ साली काढली, १८५६ पासून ती चालू झाली. तेव्हापासून गिरणीत सगळ्यात जास्त पगार साचेवाल्याला. बाटतो तो धोटा, पण राखला जातो पगार! त्रासनखात्यात दलिताच्या बोटांनी काढलेलं, त्याच्या घामानं भिजलेलं सूत साचेखात्यात गेलं की बाटत नाही. ते अंगावर घेऊन देवळात जाता येतं. विटाळाची रेघ नेमकी तिथंच का ओढली गेली जिथून जास्त मजुरी सुरू होते? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही धर्मग्रंथात सापडणार नाही, पगाराच्या वहीत सापडेल.

धोट्याचं चुंबन काही आपल्याकडचं नव्हे. लँकेशायरच्या गिरण्यांत गोऱ्या बायका हेच करायच्या. तिथल्या डॉक्टरांनी ओरड केली की तोंडातून रोग पसरतो, सुताचा मळ पोटात जातो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये कायद्यानं हा प्रकार बंद केला, इंग्लंडात १९५२ साली नियम झाले. हातानं ओवायचा धोटाही निघाला. म्हणजे तिकडं थुंकीचा प्रश्न आरोग्याचा होता, म्हणून त्यांनी धोटा बदलला. आपल्याकडं थुंकी धर्माची होती, म्हणून माणूसच हाकलला. (ते गोरे काही साधुसंत नव्हते. १८६१ पर्यंत लँकेशायरचा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला. १७९० साली तिथं सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली चाळीस लाखाला टेकले. ही वाढ मुख्यत्वे कापसानं केली. तिथं यादवी युद्ध पेटल्यावर साहेबाला आपल्या वऱ्हाडाची आठवण झाली.)

बरं, साचेखातं एवढं सोवळं, तर तिथं काय काय चालायचं? ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. त्या खळीत पीठ आणि जनावराची चरबी. चरबीशिवाय सूत मऊ पडत नसे. धोट्याला दोन्ही बाजूंनी ठोसा मारून पळवणारा जो पिकर, तो म्हशीच्या कच्च्या कातड्याचा. पिकरला ओढणारा पट्टा कातड्याचा. मागं त्रासनमध्ये गेलात तर वरच्या रुळांना मेंढीचं कातडं. त्याच्याही मागं, सरकी काढायच्या रोलर जिनच्या रुळावर कातडंच. मेलेल्या ढोराचं कातडं अख्ख्या गिरणीत हजर! मिनिटाला दोनशे वेळा मेलेली म्हैस धोट्याच्या नाकावर थोबाडीत मारतेय, तोच धोटा साचेवाला ओठाला लावतोय. विटाळ नाही. ते ढोर ओढणारा, ते कातडं कमावणारा जिता माणूस त्या साच्याजवळ आला की मात्र विटाळ.

आणि रेशीम! दोस्तहो, सोवळं म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या. धुतलेलं सुती धोतर कुणी शिवलं की ओवळं होतं. रेशमी कद मात्र पूजेला चालतो, न धुता चालतो. रेशीम येतं कुठून? अळीच्या तोंडाजवळच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या लाळेतून. ती लाळ हवेत येताच घट्ट होते आणि अळी तिचा कोश स्वतःभोवती गुंडाळते. आतला जीव पतंग होऊन कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. म्हणून कोश वाफेत नाहीतर उकळत्या पाण्यात टाकून त्याला आतच मारायचा, मग शेकडो मीटरचा सलग धागा उलगडायचा. किड्याची लाळ, तीही मढं झालेल्या किड्याची, नेसून भटजी देवाजवळ बसतो. किड्याची थुंकी पवित्र आणि माणसाची थुंकी बाटगी, हे गणित ज्यानं मांडलं त्याच्या बुद्धीला काय म्हणावं? मी तरी त्याला अडाणी म्हणणार नाही. तो फार हुशार होता.

तिसरा धागा आपल्या मातंग भावांचा. त्याची साडी होत नाही, म्हणून वस्त्रांच्या इतिहासात तो येत नाही. केकताडाची, घायपाताची पानं ओढ्याच्या साचल्या पाण्यात कुजत घालायची. तो वास मैलावरून येतो. मग बडवून, धुऊन त्यातला वाख काढायचा. चिकानं हातांना खाज सुटते, कातडी सोलते. त्या वाखाचा दोर वळायचा. नाडा, सोल, कासरा, दावं, सगळं मांगवाड्यातलं. गावाचा बैल याच दोरानं बांधला, गावाच्या विहिरीवरची मोट याच दोरानं ओढली. मोट चांभाराची, नाडा मांगाचा, दोघंही विहिरीच्या पाण्यात रोज बुडून वर येतात. बनवणारे काठावर ओंजळ पसरून उभे.

आपले काही शिकलेले लोकसुद्धा म्हणतात की विणकाम हा आपला धंदाच नव्हता, म्हणून गिरणीत घेतलं नसेल. साफ खोटं. नागपूर-भंडाऱ्याकडचे महार पिढ्यानपिढ्या जाडंभरडं सुती कापड विणत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातींवरच्या ग्रंथातही त्याची नोंद आहे. गिरणीच्या स्वस्त कापडानं त्यांचे माग बसले आणि तेच लोक गिरणीत मजूर म्हणून गेले. मुंबईत आलेले आपले लोक बहुतेक कोकण-घाटावरचे, त्यांच्या घरी माग नव्हते हे खरं. पण मग गुजरातेत बघा. तिथं वणकर ही अस्पृश्य जात, नावातच विणणं. अहमदाबादच्या गिरण्यांत या वणकरांनाही साचेखात्यात मज्जाव, त्यांनाही त्रासनमध्येच ढकललेलं! ज्या जातीचं नाव विणकर, तिला विणायला बंदी. आणि हे त्या शहरात, जिथं साबरमतीच्या काठावर चरखा देशाचं दैवत होत होता.

चरख्याबद्दल एक बोललंच पाहिजे. गांधींनी विजापूरहून चरखा शोधून आणवला, गावागावातल्या बायांच्या हाती चार पैसे पडले. ते नाकारायचं कारण नाही. पण सूत काढणं हा यज्ञ झाला, प्रार्थना झाली, आणि सूत हे मजुरीचं काम आहे ही गोष्ट मागं पडली. ज्यांना हौसेनं अर्धा तास चरखा फिरवायचा होता त्यांना पुण्य मिळालं. ज्यांना दहा तास रिंगवर उभं राहावं लागत होतं त्यांना साच्यावर जायचा हक्क हवा होता. त्यासाठी कुणी उपास केला नाही.

हक्क मागितला तो बाबासाहेबांनी. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, दीडेक लाख कामगार बाहेर. मालकांना दोनाऐवजी तीन साचे एका माणसाकडून चालवून घ्यायचे होते. पुढारी लाल बावट्याचे. त्यांच्या मागण्यांच्या यादीत अस्पृश्यांना साचेखातं खुलं करा हे कलम नव्हतं. बाबासाहेबांनी खडसावून विचारलं की हे कलम घेणार नसाल तर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का यावं? तेव्हा कुठं ते कुरकुरत घेतलं गेलं. मालक म्हणाले, यात आमचा काय दोष, हे तर तुमच्याच कामगारांचं. बोला! आपल्यातले काही मार्क्सवादी मित्र अजूनही म्हणतात की जात काढली की वर्गाची एकजूट फुटते. एकजूट होती कुठं फुटायला? दोन खात्यांच्या मधल्या भिंतीत तर ती आधीच गाडलेली. आणि तरीही १९३८ च्या ७ नोव्हेंबरला, काळ्या कायद्याविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष त्याच लाल बावट्याबरोबर संपात उतरला. आमचा माणूस मागं राहिला नाही, हेही लिहून ठेवा.

कापड विणायला बंदी, तशी नेसायलाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला प्रेतावरची वस्त्रं नेमून दिलीत. आपल्या आज्या लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायच्या. ती काही फॅशन नव्हती, ती जातीची खूण होती. महाडला १९२७ च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यावर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं सवर्ण बायांसारखं नेसा, गिलटाचे दागिने टाका. आणि बायांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. बाबासाहेबांच्या सुटाला नावं ठेवणाऱ्या खादीवाल्यांना हा प्रसंग कधी कळला नाही. अर्धनग्न राहणं हा ज्याला त्याग वाटतो त्याच्याकडं पेटीत कपडे असतात.

आज धोटा गेला. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगाव उठलं. फिनिक्सच्या आवारात आता मॉल आहे. नव्या यंत्रात आडवा धागा हवेच्या झोतानं पळतो, तोंड लावायचा प्रश्नच नाही. हातमाग मात्र आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत पस्तीस लाखांवर विणकर आणि मागावरचे कामगार मोजले गेले, त्यात बहुसंख्य बाया. तीन कुटुंबांमागं दोघांची महिन्याची कमाई पाच हजाराच्या आत. सुतळीनं बांधलेली ती चिठ्ठी त्यांच्याच पाठीवर लटकलीय.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेनं वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला घेतलंय. तिथं साचे मांडतील, काचेच्या पेटीत धोटाही ठेवतील, खाली लाकडाची जात लिहितील. माणसाचीही लिहा म्हणावं. त्रासनखात्यातले आपले शेवटचे म्हातारे अजून बीडीडीत, धारावीत, विक्रोळीत आहेत. मोबाइल तुमच्या खिशात आहे, त्यांच्याजवळ बसा, तारखा, खाती, जॉबरची बोलणी, पगाराचे आकडे उतरवून घ्या आणि तो गठ्ठा घेऊन महापालिकेच्या टेबलावर आपटा. धोट्याखालच्या पाटीवर एवढं तरी आलंच पाहिजे, मराठीत, ठळक अक्षरात: हा धोटा अमुक साली अमुक गिरणीत चालत होता, आणि याला तोंड लावायची अमुक जातींना बंदी होती.