हरकत लेखी द्या, पोच घ्या

मोजणी खात्यात नोकरी केलेल्या माणसाची नजर कागदावर आधी नकाशा शोधते. पर्यावरण आघात अहवालही मी तसाच वाचतो. मजकूर नंतर, आधी नकाशा, आणि त्यावर काय दाखवायचं राहून गेलंय ते.

गोव्याच्या पेडण्यातला मोपा विमानतळ आम्हा सावंतवाडीकरांच्या उंबऱ्यावरचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये जनसुनावणी झाली, ऑक्टोबरात पर्यावरण मंजुरी. अर्जाच्या नमुन्यात १५ किलोमीटरच्या आतली संरक्षित, संवेदनशील क्षेत्रं विचारलेली असतात. पेडण्याच्या पठाराभोवती राखीव वनं आहेत हे गुरं राखणाऱ्यालाही ठाऊक. अर्जात ती नव्हती. गोव्यातल्या नागरिकांनी चिकाटीने प्रकरण लावून धरलं आणि २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख लावून स्थगिती उठली, पुढे विमानंही उडाली. मग मिळालं काय, असं लोक खवचटपणे विचारतात. अटी मिळाल्या, देखरेख मिळाली. पण ज्या चुका सुनावणीतच निघायला हव्या होत्या, त्या निघायला चार वर्षं लागली.

दहा गुंठ्यांची मोजणी असली तरी लगतच्या कब्जेदाराला नोटीस जाते, पंचनाम्यावर त्याची सही घेतात. अख्खं पठार घेणाऱ्या प्रकल्पाची नोटीस मात्र दोन वर्तमानपत्रांत छापली की झालं. अहवाल पाहायचा तर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा उद्योग केंद्र गाठा. तिथे इंग्रजी ग्रंथ आणि मराठीत नुसता सारांश. शेताच्या बांधापर्यंत पोचेल असा तपशील सारांशात कुठून यायचा? पूर्ण अहवाल मराठीत आणि ग्रामपंचायतीत मिळालाच पाहिजे.

तो मिळेपर्यंत सुनावणीत माईक ओढून काही साधत नाही. त्याने फोटो छापून येतो, इतिवृत्तात मुद्दा येत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार सुनावणीचं इतिवृत्त तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सहीही त्याच दिवशी. पण तोवर मांडवात उरतो कोण? शेवटची एसटी सगळ्यांनाच गाठायची असते.

शेवटपर्यंत थांबा. आणि त्याआधी नोटिशीनंतरचे ३० दिवस वाया घालवू नका. 'आमचा विरोध आहे' एवढ्याने भागत नाही. अमुक सर्व्हे नंबरात बारमाही झरा आहे, अहवालात तो नाही, असं लिहा, सोबत फोटो जोडा, पोच घ्या. मंजुरी निघालीच, तर हरित लवादाकडे अपिलाची मूळ मुदतही ३० दिवसांचीच आहे, आणि तिथे ही पोच कामी येते.